वही एकच ठेव

पोरी,

परवा रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. ‘मावशी, शुगर वाढलीये, मी हार्मोनच्या गोळ्या बंद केल्या.’ खाली रिपोर्टचा फोटो. उपाशीपोटी 112, तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 6.1. काळजी वाटायच्या आधी मला रागच आला. आकड्यांचा नाही, त्या ‘बंद केल्या’चा.

हा डायबेटिस नाही. उपाशीपोटी 126 किंवा तीन महिन्यांची 6.5 झाली की डायबेटिस म्हणतात. तू उंबरठ्यावर आहेस. तुझ्या आईला आहे, आजीला होता. देशात 10 कोटींहून जास्त लोकांना आहे, त्यांनी काही इस्ट्रोजेन घेतलं नव्हतं.

हार्मोनचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. टेस्टोस्टेरॉन दाबलं की स्नायू उतरतात, चरबी वाढते, आणि खाल्लेली साखर मुख्यतः स्नायूच उचलतात. म्हणून आपल्या ट्रान्स बायकांतल्या काही जणींत इन्सुलिन पहिल्यासारखं काम करत नाही. पण अ‍ॅमस्टरडॅमला हार्मोन घेणाऱ्या हजारो जणांच्या नोंदी तपासून 2022 साली जे छापलं, त्यात ट्रान्स स्त्रियांना तिथल्या पुरुषांपेक्षा जास्त डायबेटिस झालेला दिसला नाही. एवढ्यासाठी तू स्वतःचं शरीर सोडून द्यायला निघालीस?

आता मला सांग, शुगरच्या डॉक्टरांना हार्मोनचं सांगितलंस? नाही. हार्मोनच्या डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवलास? तोही नाही. दोघांसमोर तू अर्धी अर्धी बसतेस. लपवू नकोस. बाकी काही ऐकलं नाहीस तरी चालेल, एवढं ऐक.

मी लपवलं होतं. 2012 ची गोष्ट. डायबेटिस निघाला, बीपीही वाढलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘दुसरं काही औषध चालू आहे?’ मी म्हटलं, ‘नाही.’ पर्समध्ये स्पायरोनोलॅक्टोनची, म्हणजे टेस्टोस्टेरॉन दाबायच्या गोळीची, स्ट्रिप होती, मेडिकलमधून स्वतःच आणलेली, रोजच्या दोन. त्यांनी बीपीला टेल्मिसार्टन लिहून दिली, किडनीलाही चांगली म्हणून. ही गोळी पोटॅशियम धरून ठेवते, आणि स्पायरोनोलॅक्टोनही. त्यांना काय ठाऊक? तीन आठवड्यांनी जिना चढताना पायांतलं बळच गेलं, छातीत ठोके चुकायला लागले. पोटॅशियम 6.4. पाचच्या आसपास थांबायला हवं ते. ईसीजीच्या वायरी लावताना सिस्टरने पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि तेव्हा मी स्ट्रिप काढून पलंगावर ठेवली.

तेव्हा सांगायचं तरी कसं होतं गं? केसपेपरवर ‘पु.’ लिहिलेलं. नाव पुकारलं की अख्खी ओपीडी वळून बघायची. आपली ओळख मान्य करणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला अजून दोन वर्षं होती. हार्मोन घेते म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘आधी ते बंद करा.’ मला बंद करायचं नव्हतं. म्हणून मी गप्प बसले, आणि आजही मला ती भीती खोटी वाटत नाही. पण गप्प बसणं चुकलं. मला दोन्ही सांगून भांडायला हवं होतं.

तू भांड. शंभर पानी वही घे, पुठ्ठ्याची. डाव्या पानावर हार्मोन: कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, रक्तातलं इस्ट्राडायोल (म्हणजे इस्ट्रोजेन), टेस्टोस्टेरॉन. उजव्या पानावर साखर, पोटॅशियम, किडनीचं क्रिएटिनिन, वजन, कमरेचा घेर. वही उघडली की दोन्ही पानं समोरासमोर दिसली पाहिजेत, आणि प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर ती उघडीच ठेवायची. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. ‘शुगरवाल्यांना कशाला सांगायचं’ हे मला पुन्हा ऐकायचं नाही.

आणि व्यायाम. दंड मोठे होतील म्हणून तू वजन उचलत नाहीस, माहीत आहे मला. मीही वर्षानुवर्षं नुसती चालत राहिले. टेस्टोस्टेरॉन दाबलेलं असताना दंड असे पुरुषासारखे फुगत नाहीत गं. पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन घरातच सुरुवात कर. उठाबशा काढ. नाइट शिफ्टचे ते चार चहा बिनसाखरेचे कर, जमेल. मला जमलं, आणि माझा चहा तुला माहीत आहे.

गोळ्या पुन्हा कधी, किती, हे तुझं तू ठरवू नकोस. सकाळी हार्मोनच्या डॉक्टरांना फोन कर, आठ दिवस बंद आहेत हेही सांग. रागावले तर रागावू देत.

सोमवारी शुगरच्या ओपीडीला मी येते. साडेआठला गेटपाशी थांब, उपाशीपोटी ये. पाणी चालतं. दोन्ही स्ट्रिपा पर्समध्ये नको, हातात असू देत.

तुझी,
मावशी