तयार इमारती निवडताना आणि बसवताना

मॉडेल रेल्वेच्या मांडणीसाठी इमारत घेण्यापूर्वी तिचे प्रमाण, म्हणजे ती खऱ्या इमारतीच्या कितव्या हिश्शाची आहे ते, तुमच्या गाडीशी जुळते का, हे आधी पाहा. एचओ आणि ओओ ही अशा प्रमाणांची नावे. एचओ मांडणीला १:८७ प्रमाण लागते, आणि १:७६ची, म्हणजे थोडी मोठी, ओओ इमारत गाडीला अगदी लागून ठेवली, की दाराच्या उंचीवरूनच फरक डोळ्यांत भरतो. मागच्या रांगेत मात्र किंचित लहान इमारत शोभते, कारण तिच्यामुळे देखावा अधिक खोल भासतो.

जोत्याखाली फट राहू देऊ नका. तेवढ्या एका काळ्या रेघेमुळे देखणे स्टेशनही टेबलावर ठेवलेल्या खोक्यासारखे दिसते, म्हणून कडेने बारीक माती पसरून ती पाण्यात पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने बसवा. दिवा लावणार असाल, तर भिंती आतून काळ्या रंगवा, नाहीतर प्लास्टिकमधून उजेड झिरपतो; आणि तो दिवा पुढे बदलता यावा, यासाठी छप्पर चिकटवू नका.