ड्रमवाली, लाइटवाली फोम डार्टची बंदूक नऊ वर्षांच्या मुलाला घ्यावी का?

तुमचा मुलगा नऊ वर्षांचा, वाढदिवस तोंडावर आलेला आणि यूट्यूबवर बघून त्याने ठरवलेली बंदूक अशी: बॅटरीवर चालणारी, पंचवीस डार्टचा गोल ड्रम, वर दुर्बीण, पुढे जोडायची लांब नळी आणि शिवाय लाल लाइट. 'पैसे वाया तर जाणार नाहीत ना?' असं तुम्ही विचारलंय. बंदूक घ्या, पण ही घेऊ नका.

आमच्याकडे भाचे-पुतणे मिळून बराच शस्त्रसाठा आहे आणि त्यातलं काही बंद पडलं की ते माझ्याकडे येतं. कोणत्या कंपनीची काय भानगड झाली ते सांगत बसत नाही. एक सांगतो, उघडल्यावर आत सगळ्या सारख्याच निघतात. जी जास्त दिखाऊ, तिच्यात कामाचा भाग कमी आणि नुसतं पोकळ प्लास्टिक जास्त.

सुरुवात डार्टपासून करू, कारण शेवटी उडतो तो डार्टच. नर्फ हा अशा बंदुकांचा नावाजलेला ब्रँड, त्याच्या २०१२ पासूनच्या एलिट मालिकेतला डार्ट घ्या, बाजारातल्या बहुतेक नकला त्याच मापाच्या असतात. लांबी साधारण ७२ मिलिमीटर, जाडी अर्धा इंच, वजन जेमतेम १ ग्रॅम. फोमची पोकळ नळी आणि तोंडाला रबरी टोपी. सुटतो तो सेकंदाला २० मीटरच्या आसपास वेगाने. आता मुलाने बंदूक जमिनीपासून मीटरभर उंचीवर सरळ आडवी धरली, तर डार्ट खाली टेकायला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही. हवेचा अडथळा धरलाच नाही तरी तेवढ्यात तो ९ मीटर जाईल, आणि हवा तर त्याला अडवतेच, म्हणजे सात-आठ मीटर धरा. मग खोक्यावर छापलेले ९० फूट, म्हणजे २७ मीटर, कुठून येतात? तर बंदूक वरच्या दिशेने तिरपी धरून. २०१९ मध्ये आलेल्या अल्ट्रा मालिकेवर तर १२० फुटांचा दावा होता. आकाशाकडे बघत नेम धरणारा मुलगा मी अजून पाहिलेला नाही, आणि १२० फुटांचा हॉल असलेला फ्लॅटही नाही.

ड्रम लावा, लाइट लावा, हे गणित काही बदलत नाही. उलट काही जोडण्यांमुळे बिघडतं. पुढची ती लांब नळीच बघा. खऱ्या बंदुकीत नळीची लांबी कामाची असते, कारण गोळी नळीला घट्ट बसते आणि मागून दाब मिळत राहतो. खेळण्यातली जोडनळी डार्टपेक्षा ढिली असते, मागून दाबबिब काही मिळत नाही. डार्ट तिच्या भिंतीला घासतो आणि होता तो वेगही थोडा गमावतो. मुलं मात्र ती लावल्याशिवाय खेळत नाहीत! दुर्बिणीची गोष्ट त्याहून सोपी आहे. बऱ्याचदा तिच्यात भिंगच नसतं, नुसता आरपार पाइप. आणि असतं तरी काय, आठ मीटरवर डार्ट फूटभर इकडेतिकडे भरकटतोच.

बॅटरीच्या प्रकारात आत दोन छोटी चाकं समोरासमोर उलट दिशांनी फिरत असतात. मधली फट डार्टपेक्षा जराशी अरुंद. खालचा खटका दाबायचा, चाकं वेग घेईपर्यंत थांबायचं, मग वरचा खटका दाबला की मागून डार्ट चाकांच्या तोंडी ढकलला जातो आणि पुढे भिरकावला जातो. कल्पना झकास आहे. पण ही मोटार घुर्रर्र करते ती शेजारच्या खोलीत ऐकू जाते. लपून बसलेल्या पोराने खटका दाबला रे दाबला की समोरचा कपाटामागे पसार. मुलांच्या खेळात निम्मी मजा समोरच्याला बेसावध गाठण्यात असते आणि ही बंदूक आधीच दवंडी पिटते.

आता अडकण्याबद्दल, कारण तक्रार घेऊन पोरं येतात ती याचीच. डार्ट एकदा सोफ्याखाली किंवा कुणाच्या गुडघ्याखाली आला की मधोमध दुमडतो. हाताने सरळ केला तरी तिथे एक सुरकुती राहते. ड्रममध्ये तो बसतो नीट, पण त्याला पुढे ढकलणारी दांडी मागून लागली की नेमका त्या सुरकुतीवर मोडतो आणि चाकांच्या आधीच आडवा होतो. मग वरचं छोटं झाकण उघडायचं. झाकणाची फट माझ्या बोटाला पुरत नाही, पोराचं बोट जातं, पण तो ओढतो ती टोपी. टोपी हातात येते आणि फोम आतच राहतो. तोवर त्याने खालचा खटका सोडलेला नसतो. मोटार फिरायला बघते, फिरता येत नाही, तापते. बऱ्याच बंदुकांत यासाठी तारेत एक छोटी सुरक्षा चकती असते, ती तापली की वीज कापते. पोराच्या दृष्टीने बंदूक मेली. थोडा वेळ बाजूला ठेवली की पुन्हा सुरू होते, पण वाढदिवसाच्या दिवशी थोडा वेळ म्हणजे किती, ते तुम्हीच बघा. एकदा मी झाकण काढून चाकं पाहिली तर त्यांच्यावर फोमचा काळपट थर आणि त्यात गुंडाळलेले केस. डार्ट फरशीवर पडतात, फरशीवरचं सगळं सोबत आणतात.

ड्रम रिकामा व्हायला दहा सेकंद पुरतात. नंतर दिवाणाखाली, फ्रिजमागे, चपलांच्या रॅकमध्ये शोधमोहीम, आणि सापडलेला एकेक डार्ट परत खोबणीत बसवणं. त्यात एखादा तिरका बसला की ड्रम तिथेच अडून बसतो. थोडक्यात, 'जास्त डार्ट' म्हणजे 'जास्त खेळ' नव्हे.

या दिखाऊपणाचा कळस मला नर्फच्याच जुन्या व्हल्कनमध्ये दिसतो. तीन पायांचा स्टँड, पंचवीस डार्टचा पट्टा, आणि चालवायला टॉर्चमध्ये घालतात तसले जाडे सेल, तेही सहा. असा एक अल्कलाइन सेल १४० ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे १ ग्रॅमचा फोम फेकायला ८०० ग्रॅमहून जास्त नुसते सेल! दिसायला मात्र काय रुबाबदार होती.

डार्टचं माप हा खर्चाचा खरा मुद्दा आहे, आणि दुकानदार तो सांगत नाहीत. काही मालिकांना त्यांचेच डार्ट चालतात. अल्ट्राचे डार्ट एलिटमध्ये बसत नाहीत आणि एलिटचे अल्ट्रात चालत नाहीत. २०१५ मध्ये आलेल्या रायव्हल मालिकेत तर डार्टच नाहीत, फोमचे छोटे चेंडू आहेत. डार्ट हरवणार हे नक्की, फाटणार हेही नक्की. मग ते सहज मिळणाऱ्या मापाचे असावेत. आपल्याकडे बाहेरून येणारी खेळणी आधीच महाग पडतात: त्यांच्यावरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. जी बंदूक फक्त एकाच जातीचे डार्ट खाते, तिचे डार्ट तुमच्या गावात मिळाले नाहीत तर ती शोभेची वस्तू.

स्वस्त नकली डार्ट घेताना टोपी चिमटीत दाबून बघा. कडक लागली तर परत ठेवा. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये तीन रुग्णांबद्दल लिहिलं होतं. अशा बंदुकीचा मारा डोळ्याला लागून तिघांच्याही डोळ्यात आत रक्तस्राव झाला होता, आणि त्यात एक अकरा वर्षांचा मुलगा होता. त्यामुळे प्लास्टिकचा साधा चष्मा यादीत असलाच पाहिजे, त्यावर घासाघीस नको. खोक्यावर आयएसआयची खूणही बघा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे.

मग घ्यायचं काय? हाताने मागे ओढायची, स्प्रिंगवर चालणारी, एलिट मापाच्या डार्टची. फिरत्या सिलिंडरमध्ये पाच-सहा डार्ट राहतील अशी, नर्फच्या स्ट्राँगआर्मचा साचा तोच. फिरतं सिलिंडर मी दिखाऊ धरत नाही, ते खरंच उपयोगी आहे: बाजूला उघडतं, कोणता डार्ट वाकडा आहे ते दिसतं, पोरगा स्वतः दुरुस्त करतो. सेल लागत नाहीत. वेगही बॅटरीवालीपेक्षा फारसा कमी नसतो. मात्र एकाच खटक्यात सगळे डार्ट सोडणारा प्रकार घेऊ नका; स्प्रिंगने ढकललेली एकाच डार्टपुरती हवा सगळ्यांत वाटली गेली की प्रत्येक जण पायापाशीच पडतो.

आणि मोठ्या बंदुकीच्या पैशात अशा साध्या दोन येत असतील तर दोन घ्या. भारी बंदूक घेतलेला मुलगा दोन दिवसांत पार्किंगमध्ये एकटा उभा असतो, कारण समोरच्याकडे काहीच नसतं आणि नुसता मार खायला कोण येणार? दुकानात त्यालाच सोबत न्या आणि नमुन्याची बंदूक मागा, तिची मागे ओढायची दांडी त्याला दहा वेळा ओढायला सांगा. काही बंदुकांची स्प्रिंग मोठ्यांसाठी ताठ केलेली असते आणि नवव्या वर्षी ती पोटाला टेकवून ओढावी लागते. तशी निघाली तर दुसरी दाखवायला सांगा.