पावसाळ्यात मॉनिटरवर एकच रेघ उरली म्हणजे ट्यूब गेली असे नव्हे

वेंगुर्ल्याजवळच्या सदस्याचा प्रश्न असा आहे : त्यांच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅबिनेटमधून पावसाळ्यात चरचर आवाज येऊ लागला, मॉनिटरच्या काचेच्या पिक्चर ट्यूबवरच्या, उच्च व्होल्टेजची तार जिथे जोडते त्या रबरी टोपीभोवती निळसर ठिणगी दिसू लागली, आणि आता चित्र आक्रसून पडद्याच्या मधोमध एकच आडवी रेघ उरली आहे. मेकॅनिकने ट्यूब गेल्याचे सांगितले आहे, तेव्हा एलसीडी बसवावा का?

माझे मत आहे की बसवू नये. रेघ उजळ उमटते आहे, म्हणजे ट्यूबचा फिलामेंट तापतो आहे, उच्च दाब (हजारो व्होल्टचा विजेचा दाब) तयार होतो आहे आणि आडवे स्कॅनिंगही (इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे फिरवणे) चालू आहे. बंद पडले आहे ते फक्त उभे स्कॅनिंग (झोत वरून खाली फिरवणे), आणि त्याचा दोष जवळजवळ नेहमी चासीवर (मॉनिटरच्या सर्किट बोर्डावर) किंवा योकच्या (ट्यूबच्या मानेवरच्या, झोत वळवणाऱ्या कॉइलच्या) जोडणीत सापडतो. मात्र रेघ दिसत असताना मशीन चालू ठेवू नका, कारण सगळा झोत एकाच पट्टीवर पडून तिथला फॉस्फर (पडद्याचा उजळणारा लेप) कायमचा जळतो.

मी रत्नागिरीत अनेक वर्षे हे मॉनिटर दुरुस्त करत आलो आहे आणि किनाऱ्यावरच्या यंत्रांत पहिला संशय मी खाऱ्या दमटपणावरच घेतो. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यात धूळ मिसळली की तो थर वीज वाहू लागतो, आणि तुमच्याकडची ठिणगी ही त्याच थरावरून होणारी गळती आहे.

चासीला हात लावण्यापूर्वी ट्यूब डिस्चार्ज करणे अनिवार्य आहे. ट्यूबच्या आतला आणि बाहेरचा काळा लेप मिळून काचेचा एक मोठा कॅपॅसिटर तयार होतो, ज्यावर मशीन बंद केल्यावरही सुमारे २० ते २५ हजार व्होल्टचा भार राहू शकतो. प्लग काढा, लांब चपट्या स्क्रू ड्रायव्हरला जाड वायर क्लिपने जोडा, तिचे दुसरे टोक ट्यूबच्या मागच्या विणीच्या अर्थ-पट्टीला घट्ट लावा, आणि मगच, एक हात पाठीमागे ठेवून, पाते रबरी टोपीखाली सरकवून आतल्या धातूच्या क्लिपला टेकवा. दहा मिनिटांनी हेच पुन्हा करा, कारण काचेत मुरलेला भार परत वर येतो. मेन फिल्टर कॅपॅसिटर (चासीच्या वीजपुरवठ्याचा मोठा कॅपॅसिटर) वेगळा डिस्चार्ज करावा लागतो. २३० व्होल्टवर थेट चालणाऱ्या चासीत त्यावर सुमारे ३२० व्होल्ट असतात. चासीला थेट मेनपासून वेगळे ठेवणारा कॅबिनेटमधला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर कधीही वगळू नका, डोळ्यांवर चष्मा ठेवा, ट्यूबच्या बारीक मानेला धक्का लागू देऊ नका आणि हे काम घरात एकटे असताना करू नका.

आता सफाई. मऊ ब्रशने कोरडी धूळ काढा, नंतर टोपीची आतली बाजू आणि तिच्याभोवतीची काच आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, आणि सगळे पूर्ण वाळल्यावरच टोपी बसवा. कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर देणे आमच्या हवेत फार उपयोगी पडते. आंबट वासाचे सिलिकॉन सीलंट मात्र वापरू नये, कारण त्यातल्या आम्लाने धातू गंजतो. चासी उलटी करून कुंभारमाशीची मातीची घरटी आहेत का तेही पाहा, कारण ती माती ओल धरते.

खाडीकाठच्या एका गावातले असेच कॅबिनेट माझ्याकडे आले होते आणि त्याचीही ट्यूब गेली असेच मालकाला सांगण्यात आले होते. भिंगातून पाहिले तेव्हा योकच्या कनेक्टरच्या एका पिनेभोवती केसाएवढी गोल भेग होती आणि तिच्या कडेला हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमली होती. जुने सोल्डर पूर्ण काढून, पिन खरवडून, नवे सोल्डर भरताच चित्र पूर्ण उघडले. तुम्हीही आधी योकचा कनेक्टर, व्हर्टिकल आउटपुट आयसीच्या (उभे स्कॅनिंग चालवणाऱ्या चिपच्या) पिना आणि त्या आयसीला पुरवठा देणारा फ्यूजिबल रेझिस्टर (जास्त प्रवाहात फ्यूजसारखा तुटणारा) तपासा. त्यानंतर आयसीभोवतीचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदला : क्षमता तीच, व्होल्टेज तेवढेच किंवा अधिक, तापमान १०५ अंशांचे, आणि ध्रुवता नीट पाहून. आडव्या (आडवे स्कॅनिंग चालवणाऱ्या) आउटपुट ट्रान्झिस्टरजवळचा उच्च दाबाचा ट्यूनिंग कॅपॅसिटर मात्र ‘चालेल तो’ म्हणून बदलू नका, कारण त्याची क्षमता कमी झाली की उच्च दाब धोकादायक वाढतो.

पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा दिवा सिरीजमध्ये ठेवा आणि डीगॉस कॉइलचा (पडद्यावरचे चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा) प्लग काढून ठेवा, नाहीतर तिच्या सुरुवातीच्या ओढीमुळे दिव्यावरून चुकीचा अंदाज येतो. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो तसाच प्रखर राहिला तर लगेच बंद करून आडवा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आहे का ते मोजा.

एलसीडीबद्दल इतकेच सांगतो की या खेळांच्या बोर्डांची आडवी वारंवारता साधारण १५.७ किलोहर्ट्झ असते, बहुतेक संगणकी पडदे ती थेट स्वीकारत नाहीत, आणि झोताची वेळ ओळखून चालणारे बंदुकीचे खेळ त्यावर चालतच नाहीत. सोल्डर आणि कॅपॅसिटर करूनही रेघ राहिली, तर आयसीचा क्रमांक आणि तिच्या पुरवठ्याच्या पिनेवर मिळालेले व्होल्टेज कळवा; पुढचे त्यावरून सांगता येईल.