अमेरिकेहून आणलेला टर्नटेबल नागपुरात लावला. गाणी संथ वाजतात, घुं आवाज येतो आणि सुई घसरते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मामांनी अमेरिकेहून जुना बेल्टवाला टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) आणला, सीताबर्डीतून २३० चे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर घेतला आणि वायरी अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्सला (साध्या ऑडिओ इनपुटला) लावल्या. आता गाणं संथ आणि बारीक येतं, मागे सतत घुं आवाज, सुई मधूनच उडते, आणि मेकॅनिक म्हणतो मोटर बदला. मोटरला इतक्यात हात लावू देऊ नका. ती बहुतेक ठणठणीत आहे.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. जुन्या बेल्टवाल्या मशीनमध्ये बहुधा सिंक्रोनस मोटर असते आणि तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. त्यामुळे तबकडी मिनिटाला ३३⅓ ऐवजी साधारण २७.८ फेरे घेते. २० मिनिटांची बाजू २४ मिनिटं चालते. घरात पेटी असेल तर लगेच ताडून बघा: काळी एकमधलं गाणं जवळपास काळी पाचपर्यंत खाली उतरलेलं सापडेल. संथपणा असा एकसारखा असेल तर कारण फ्रिक्वेन्सीचं. सूर लाटेसारखा वरखाली होत असेल, तर मात्र बेल्ट सैल झालाय. तो बदलायला फार खर्च नाही.

मशीनच्या मागची माहितीची पट्टी वाचा. फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल, तर त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली शोधा (ती थोडी जाड असते) किंवा ६० हर्ट्झ देणारा पॉवर सप्लाय घ्या. डीसी मोटर असेल तर हा प्रश्न येत नाही, योग्य व्होल्टचा अ‍ॅडाप्टर पुरतो. वेग तपासताना एक सापळा टाळा. वेग तपासायला तबकडीच्या जागी ठेवायची रेघांची चकती म्हणजे स्ट्रोब. अमेरिकन स्ट्रोबच्या चकतीवर ३३⅓ साठी २१६ रेघा असतात. आपल्या विजेवरच्या दिव्याखाली त्या रेघा नेमक्या २७.८ फेऱ्यांनाच स्थिर दिसतात, म्हणजे चुकीचा वेग बरोबर भासतो. आपल्याला १८० रेघांची चकती हवी. आणि दिवा साधा पिवळा बल्ब घ्या, बऱ्याच एलईडींत हवी तशी लुकलुक नसते.

बारीक आवाजाचं कारण ऑक्स. कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या छोट्या डबीतून) जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल येतो आणि ऑक्सला त्याच्या कित्येक पट लागतो. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात. ते पूर्ववत करण्याचं काम फोनो प्रीअ‍ॅम्पचं. अ‍ॅम्प्लिफायरवर ‘फोनो’ लिहिलेली जोडणी असेल तर तिथे लावा, नसेल तर वेगळा प्रीअ‍ॅम्प घ्या. टर्नटेबलमध्येच प्रीअ‍ॅम्प असेल तर ऑक्स ठीक. आतला प्रीअ‍ॅम्प आणि फोनोची जोडणी दोन्ही एकदम मात्र लावू नका, आवाज फाटेल.

घुं आवाजासाठी आधी ती बारीक सुटी अर्थची वायर बघा. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या किंवा प्रीअ‍ॅम्पच्या अर्थ स्क्रूला कसलेली हवी. मग सुईची दांडी (टोनआर्म) हाताने इकडून तिकडे न्या. ट्रान्सफॉर्मरकडे नेताना घुं वाढत असेल तर दोष त्या ट्रान्सफॉर्मरचाच: कार्ट्रिजमधल्या गुंडाळ्या त्याचं चुंबकीय क्षेत्र पकडतात. त्याला तीनचार फूट लांब ठेवा. कूलर बंद करूनही एकदा ऐका. पंखा आणि पंप दोन्ही आवाज आणि हादरे देतात. नागपूरच्या उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती वाळते आणि अर्थिंग कमजोर होतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून खड्डा तपासून घ्या. हे केवळ आवाजासाठी नाही, घरातल्या माणसांच्या जिवासाठीही करायलाच हवं.

आता सुई. पाणसळ लावून मशीन समतल करा. मग अँटीस्केट (दांडीची आतल्या बाजूची ओढ रोखणारी सोय) शून्यावर ठेवून दांडीच्या मागचं वजन इतकं फिरवा की दांडी हवेत आडवी तरंगेल. तिथे वजनावरचा आकडा शून्य करा आणि कार्ट्रिजच्या कंपनीने सांगितलेलं वजन सुईवर द्या. ऑडिओ टेक्निकाच्या एटी-३६००एलला साधारण ३.५ ग्रॅम, ऑर्टोफॉनच्या टूएम रेडला १.८. इतवारीच्या सराफ्यात दिसतो तसला छोटा डिजिटल काटा वापरा, पण सुई नाजूक असते हे ध्यानात ठेवून. शेवटी अँटीस्केट त्याच आकड्यावर आणा.

पुष्कळ लोक रेकॉर्ड जपायची म्हणून वजन मुद्दाम कमी ठेवतात. मला हे अजिबात पटत नाही. हलकी सुई खोबणीत नीट बसत नाही, उड्या मारते आणि भिंतीच ओरबाडते. कमी वजनाने रेकॉर्ड जास्त खराब होते. पण सुई घसरते म्हणून दांडीवर नाणं ठेवणं हाही उपाय नव्हे. त्याने दोष झाकला जातो आणि खोबण झिजते.

ठरावीक जागीच अडकत असेल तर तिथे चरा किंवा घाण आहे. कार्बन फायबरच्या ब्रशने आधी पुसून पाहा. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या असतील, तर त्यांना अल्कोहोलचा थेंबही लावू नका, त्यांच्यातली लाख विरघळते. त्यांना रुंद टोकाची वेगळी सुईही लागते.

तबकड्या उभ्याच ठेवा, पण कूलरच्या ओल्या झोतापासून दूर. मे महिन्यात उन्हातल्या गाडीत तर पाच मिनिटंही राहू देऊ नका, विनाइल वाकलं की पुन्हा सपाट करणं कठीण.