फ्लॅट बघितलात, पण नोटीस बोर्ड?

प्रश्न : ताई, आम्ही दोघंही नोकरी करतो. चोवीस वर्षं जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट आवडलाय. दोनदा जाऊन आलो, उजेड-वारा छान आहे. एजंट म्हणतो, आणखी दोन पार्ट्या मागे आहेत, रविवारपर्यंत टोकन द्या. कागद वकिलांना दाखवणारच आहोत. त्याशिवाय काय बघावं?

उत्तर : दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बत्तीस वर्षं माझं टेबल होतं. दस्त नोंदवायला आलेली माणसं नंबर लागेपर्यंत आपली हकिगत सांगत बसायची आणि प्रत्येकीत त्या 'आणखी दोन पार्ट्या' असायच्याच. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मात्र मला अजून भेटलेला नाही. तेव्हा हा रविवार जाऊ द्या.

दोनदा गेलात म्हणता, पण किती वाजता? मी १९९८ साली फ्लॅट घेतला तेव्हा नोंदणी खात्यातली म्हणून कागदांचा कीस काढला. सूची दोन (दस्ताच्या नोंदीचा उतारा), आधीचे सगळे करारनामे, भोगवटा प्रमाणपत्र, सगळं चोख. फ्लॅट बघायला मात्र दोन्ही वेळा ऑफिस सुटल्यावर गेले. राहायला आल्यावर कळलं की पाणी पहाटे पावणेपाचला येतं आणि चाळीस मिनिटांत जातं. विकणारा खोटं बोलला नव्हता. 'पाणी रोज येतं' एवढंच म्हणाला होता. पुढची सहा वर्षं, खाली टाकी बांधून पंप बसेपर्यंत, आमच्याकडे साडेचारचा गजर होता.

म्हणून एकदा सकाळी सातच्या आत जा आणि एकदा रात्री दहानंतर. सकाळी पाण्याचं आणि लिफ्टचं खरं रूप दिसतं, रात्री पार्किंगचं. वॉचमनशी दोन मिनिटं बोला. मेंटेनन्स किती, हे त्याला विचारू नका. पगार वेळेवर होतो का, ते विचारा. त्याचा पगार तीन महिने थकला असेल, तर ताळेबंद नंतर वाचला तरी चालेल.

मग जिन्याखालचा नोटीस बोर्ड वाचा, अगदी चष्मा लावून. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. तिची सूचना लागली होती का? थकबाकीदारांची यादी असेल तर त्यात विकणाऱ्याचा फ्लॅट नंबर आहे का? नोटिसांची भाषाही बघा. कुंड्यांचं पाणी खाली सांडू नये, चपला जिन्यात ठेवू नयेत, हे सगळीकडेच असतं. पण प्रत्येक कागदाच्या शेवटी 'अन्यथा कायदेशीर कारवाई' असेल, तर आत दोन गट आहेत असं समजा. आल्या आल्या दोन्ही गट तुमच्याकडे चहाला येतील.

विकणारा सभासद आहे, त्यामुळे मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल तो देऊ शकतो. ते मागा आणि सिंकिंग फंडाचा, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या पैशांचा, आकडा शोधा. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम) फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी या फंडात आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत जमायला हवी. पुष्कळ सोसायट्या 'मेंटेनन्स कमी ठेवलाय' म्हणून मिरवतात, तो याच दोन खात्यांना कात्री लावून. चोवीस वर्षांच्या इमारतीला बाहेरचं प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, लिफ्ट यांतलं काहीतरी लवकरच काढावं लागतं. फंड रिकामा असेल तर वर्गणी तुमच्या नावावर निघेल आणि विकणारा तोवर नव्या घराचे पडदे निवडत असेल. मोठ्या दुरुस्तीचा ठराव झालाय का, हे विचारा. झाला असेल तर ते पैसे कोणी भरायचे, हे साठेखतात (विक्रीच्या करारात) लिहून घ्या. तोंडी नको.

जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे का, तेही बघा. फ्लॅटच्या मालकीबद्दलच्या १९६३ च्या मोफा कायद्यानं सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणं, व्हायला हवं, पण कित्येक बिल्डर ते करत नाहीत. म्हणून तर मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय ते करून घेण्याची, सोय करावी लागली. तेही झालेलं नसेल तर पुनर्विकासाची गोष्ट निघेल तेव्हा घोडं तिथेच अडेल.

आणि 'पार्किंगसह' म्हणून कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. उघडी किंवा स्टिल्टखालची (इमारतीच्या खांबांमधली) जागा बिल्डरनं फ्लॅटसारखी सुटी विकायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय. ती सगळ्यांची जागा, वाटप सोसायटी करते. विकणाऱ्याकडे वाटपाचं पत्र आहे का आणि तुमचा नंबर कधी लागेल, एवढंच सचिवांना विचारा.


प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. मुलीजवळ राहायला जाणार म्हणून फ्लॅट विकतोय. आमची सोसायटी महापालिका हद्दीत आहे. सचिव म्हणतात, दोन लाख 'विकास निधी' भरल्याशिवाय ना हरकत दाखला नाही. घेणाऱ्याची बँक तर दाखला मागतेय. शिवाय खालच्या फ्लॅटवाल्यांशी आमच्या बाथरूमच्या गळतीवरून कुरबूर आहे. ती घेणाऱ्याला सांगावी का?

उत्तर : सर, मी नऊ वर्षं सोसायटीची सचिव होते. त्या खुर्चीत बसलं की फ्लॅट कुणी विकायला काढला, एवढ्या बातमीनंही हात शिवशिवतात.

महापालिका हद्दीत हस्तांतराचा प्रीमियम सर्वसाधारण सभेनं ठरवायचा आणि तो २५,००० रुपयांच्या वर जाता कामा नये. त्याखेरीज ५०० रुपये हस्तांतर शुल्क आणि नव्या सभासदाचं १०० रुपये प्रवेश शुल्क. त्यावरचे पैसे विकास निधी म्हणून मागा, देणगी म्हणून मागा नाहीतर रंगकाम म्हणून, पावतीवरचं नाव बदलल्यानं मागणी कायदेशीर होत नाही. फ्लॅट कुटुंबातल्या माणसाला दिला तर हा प्रीमियमही लागत नाही.

दुसरं, हस्तांतरासाठी सोसायटीचा दाखला लागतच नाही, असं आदर्श उपविधींत स्पष्ट लिहिलंय. तुम्ही पंधरा दिवसांची सूचना द्यायची, बस. पण बँकेला तो हवा असतो, कारण थकबाकी नाही आणि कर्जाचा बोजा सोसायटी नोंदवून घेईल, हे तिला कागदावर पाहिजे. तेव्हा रीतसर अर्ज करा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कमिटीनं महिन्याभरात त्यावर विचार करायला हवा. अर्जातच शेवटी नम्रपणे विचारा, की दोन लाखांची मागणी कोणत्या सभेच्या कोणत्या ठरावानुसार आहे ते लेखी कळवावं. माझ्या बघण्यात दहातल्या आठ कमिट्या इथे गप्प होतात, कारण तोंडी मागणं सोपं असतं, सही कोण करणार? उरलेल्या दोघींसाठी सहकारी संस्थांचे उपनिबंधक आहेत.

तुमची बाजू मात्र स्वच्छ ठेवा. चालू महिन्यापर्यंतचा मेंटेनन्स भरा, देणं बाकी असताना हस्तांतर होत नाही. शेअर सर्टिफिकेट आजच कपाटातून काढून बघा. ते हरवलेलं आहे हे लोकांना सौदा ठरल्यावरच कळतं, आणि मग पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हमीपत्र, दुय्यम प्रत यात घेणारा कंटाळून जातो. नवं घर घेणार नसाल तर भांडवली नफ्यावरच्या करासाठी सीएकडे विकण्यापूर्वी जाऊन या. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्के किंवा त्याविना १२.५ टक्के, यांतलं जे कमी पडेल ते धरता येतं. ते गणित टोकन घ्यायच्या आधी मांडलेलं बरं.

आता गळती. सांगा, पण त्याआधी दुरुस्त करा. उपविधींप्रमाणे गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्यावर गळलं तर तो खर्च सोसायटीचा, आणि आपल्या बाथरूमचं पाणी खाली गेलं तर तो आपला. तुम्ही गप्प राहिलात तरी खालच्या बाई राहणार नाहीत. घेणारा जिना चढत असताना दार उघडून त्याला छतावरचा डाग दाखवतील. आमच्याकडे एकांनी ओल आलेली भिंत रंगवून फ्लॅट विकला. घेणारे राहायला आले जुलैत. त्या दोन घरांचं भांडण नंतर माझ्या सचिवपदाची चार वर्षं खाऊन गेलं आणि ज्यानं रंग मारला तो कुठल्या कुठे.


प्रश्न : घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क कमी लागतं का? दोघांची नावं लावली तर?

उत्तर : राहतं घर फक्त महिलेच्या, किंवा फक्त महिलांच्या, नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते. एप्रिल २०२१ पासून ती आहे. शेजारी तुमचं नाव आलं की गेली. असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ही अट होती, ती २०२३ मध्ये काढली. पण घर तिच्या नावावर म्हणजे घर तिचं, हे समजून करा. माझ्या टेबलासमोर एका गृहस्थांनी सही करणाऱ्या बायकोला 'हे फक्त कागदापुरतं हं' म्हणून सांगितलं होतं. तिनं पेन खाली ठेवलं.


प्रश्न : वडील वारले. सोसायटीत नॉमिनी म्हणून मोठ्या भावाचं नाव आहे. तो म्हणतो, फ्लॅट आता माझा. आई हयात आहे, आम्ही दोघी बहिणी आहोत. मृत्युपत्र नाही.

उत्तर : नाही, त्याचा एकट्याचा नाही. नॉमिनी म्हणजे घराची किल्ली सांभाळणारा. सहकारी संस्था अधिनियमात २०१९ ला गृहनिर्माण सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यानुसार नॉमिनी फक्त तात्पुरता सभासद होतो. तुम्ही हिंदू असाल तर आई, भाऊ आणि तुम्ही दोघी, चौघांचा सारखा वाटा. सोसायटीला लेखी कळवा, की वारस चार आहेत आणि आमच्या संमतीशिवाय हस्तांतराचा ठराव करू नये. पोच घ्या. वकील नंतर. आधी आईला कुठे राहायचंय, ते भावासमोर तिलाच विचारा. दुःखाच्या घरात तो प्रश्न विचारायचा सगळे विसरतात.


प्रश्न : नवीन इमारतीत येऊन सात महिने झाले. लिफ्टमध्ये लोक मोबाइलमध्ये मान घालून असतात. कमिटीत एकाच घोळक्याचा कारभार. हा फ्लॅट भाड्यानं देऊन जुन्या वस्तीत परत जावं असं वाटतं. आगाऊपणा होतोय का?

उत्तर : भाड्यानं द्यायला हरकत नाही. करार लेखी करून नोंदवायला लागतो आणि सोसायटी जास्तीत जास्त सेवाशुल्काच्या १० टक्के बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून) घेऊ शकते, तेही घरपट्टी वगैरे वगळून. जास्त मागितलं तर वरच्या सरांसारखाच अर्ज करा.

पण सात महिने म्हणजे काहीच नाही हो. अजून एक पावसाळाही पुरता झाला नसेल. त्या घोळक्याबद्दलही थोडं सांगते: पुष्कळदा तो घोळका म्हणजे बाकी कुणी येत नाही म्हणून तेच ते अडकलेले तीन जण असतात. सभेला जा. पहिल्या सभेत काही बोलू नका, फक्त हिशेबाची प्रत मागून घ्या. मग एखादं कंटाळवाणं काम अंगावर घ्या. टाकी धुवायच्या दिवशी माणसं येतात तेव्हा कुणीतरी वर उभं राहावं लागतं आणि त्यासाठी कुणीही हात वर करत नाही. तुम्ही करा. संध्याकाळपर्यंत पाच मजल्यांवरच्या बायका 'पाणी कधी सोडणार' विचारायला तुम्हाला फोन करतील.

माझ्या ओळखी अशाच झाल्या. तेव्हा पहाटे पावणेपाचला सगळ्या मजल्यांवरची दारं एकदम उघडायची, आणि एके दिवशी मला गजर ऐकू आला नाही तर समोरच्या बाईंनी दार बडवून उठवलं. आज नळाला दिवसभर पाणी असतं, पण त्यांचा 'शुभ सकाळ'चा मेसेज अजूनही पावणेपाचलाच येतो.