आकाश संपता संपेना

प्रश्न: ताई, चौदा महिन्यांपूर्वी क्रॉस स्टिचचं एक मोठं चित्र हाती घेतलं. खाली नदी, मध्ये होडी, वर मोकळं आकाश. कापड १४ काउंटचं आयडा, म्हणजे एका इंचात १४ घरं असलेलं चौकटीच्या विणीचं, २४० घरं रुंद आणि १८० घरं उंच. आत्ता कुठे पाव भाग झालाय. मागच्या महिन्यात लक्षात आलं की होडीच्या काठाशी एक घर चुकलंय आणि पुढचं सगळं सरकलंय. दोन संध्याकाळी उसवण्यात गेल्या. तेव्हापासून कापड ताणून धरणारी भरतकामाची रिंग कपाटात आहे. हे कधी पुरं होईल का?

उत्तर: होईल, पण आधी हिशेब करू या. २४० गुणिले १८० म्हणजे ४३,२०० फुल्या. हा आकडा एकदा वाचा आणि विसरून जा. चार्टवर, म्हणजे नमुन्याच्या चौकटींच्या कागदावर, दर दहा घरांवर जाड रेघ असते ना? तिने पाडलेले दहा बाय दहाचे चौकोन मोजा. ते ४३२ आहेत. पाव भाग झालाय म्हणजे १०८ झाले, ३२४ उरले. आठवड्याला तीन चौकोन भरलेत तर १०८ आठवडे, दोन वर्षांहून थोडं जास्त. चार भरलेत तर ८१. खोटं आश्वासन देत नाही, काम लांबचंच आहे. पण चौकोन एका बैठकीत संपतो, आणि त्यावर पेन्सिलीने काट मारता येते. मला ती काट मारायला भरण्याइतकंच आवडतं.

चूक झाली ती मोजण्यातली, आणि मोजणं हा डोळ्यांचा भरवशाचा धंदा नाही. कापडावरच दर दहा घरांनी रेघा हव्यात. मी पूर्वी पाण्याने जाणाऱ्या पेनने आखायची. एकदा धुण्याआधीच इस्त्री फिरवली आणि निळ्या रेघा कायमच्या बसल्या. तेव्हापासून तंगूस वापरते, मासे पकडायच्या गळाची बारीक नायलॉन दोरी. सुईत ओवून दहा-दहा घरांवर लांब धावदोरा घालायचा. सुती दोऱ्याने आखलं तर भरताना सुई त्यात घुसते आणि त्याचे तंतू फुलीत अडकतात. तंगूस गुळगुळीत, सुई बाजूने निसटते. अशी आखणी असली की चुकलेलं घर फार तर पुढच्या रेघेपाशी सापडतं, शंभर फुल्यांच्या आत. तुमचं भरून झालेलं काम आहे तसं राहू द्या, फक्त कोऱ्या भागावर आखा.

आता कपाटाबद्दल. काम रखडतं ते बहुतेक वेळा बसण्याआधीच्या खटाटोपामुळे. लडी शोधा, सहा पदरांतून दोन वेगळे करा, सुई ओवा, कुठे होतो ते शोधा, तोवर वीस मिनिटं गेली. म्हणून दोरा संपला की उठायचं नाही. नवा ओवायचा, चार-पाच फुल्या घालायच्या, ओळीच्या मध्यातच थांबायचं. दुसऱ्या दिवशी सुई हातात घेतली की पुढचं घर समोरच असतं. फक्त सुई चित्राबाहेरच्या मोकळ्या काठात टोचून ठेवा. बरेच दिवस राहिली तर गंजाचा डाग पडतो. रिंगही दर वेळी काढून ठेवा, नाहीतर तिचा वळ धुऊनही लवकर जात नाही.

गाठ मारत असाल तर सोडा. एकच पदर दुप्पट लांब घ्यायचा, मधोमध दुमडायचा, दोन्ही टोकं सुईत. पहिला टाका घातला की उलट बाजूला फासा राहतो, सुई त्यातून काढून हलकेच ओढायची. उलट बाजू सपाट राहते आणि दोरा शोधत बसावं लागत नाही.

आकाश मात्र शेवटी ठेवू नका. तीच तीच निळी घरं सलग भरायला बसलं की भलेभले कंटाळतात. होडीचे दोन चौकोन, मग आकाशाचा एक, असं चालवा. दमलेल्या दिवशी आकाश, ताज्या डोळ्यांनी होडी. आकाशाच्या निळ्या लड्या मात्र आजच, एकदमच घ्या. क्रमांक तोच असला तरी रंगवणीची खेप बदलली तर छटा किंचित वेगळी येते, आणि सलग भागात तो पट्टा ओरडून दिसतो.

पुन्हा चूक सापडली आणि ती आकाशात असली, तर माझं ऐकाल तर उसवू नका. पुढच्या ओळीत एक घर कमी-जास्त करून सांभाळून घ्या. होडीच्या कडेला असली तर उसवाच. दोरा ओढायचा नाही, उलट बाजूने छोट्या कात्रीने कापून चिमट्याने तुकडे काढायचे.

सगळं भरून झालं की तंगूस काढायला विसरू नका. एक टोक धरून हळू ओढली की फुल्यांखालून सरकन निघून येते.