‘घरात बसूनच तर लिहायचंय!’

प्रश्न : मी भांडुपला राहते, वय ३२. खासगी शाळेत मराठी शिकवते, कायम आहे, नोकरीला चार वर्षं झाली. सकाळची शाळा, एक वाजता घरी. दूरशिक्षणातून एम.ए. करतेय, हे शेवटचं वर्ष. मुलगी सिनिअर केजीत. मिस्टर बेस्टमध्ये, त्यांची ड्युटी बदलत असते. सासूबाई आमच्याकडेच असतात. दोन दिवाळी अंकांत माझ्या कथा आल्या. त्या वाचून एका प्रॉडक्शन हाउसमधून रोजच्या मालिकेचे संवाद लिहाल का, अशी विचारणा झालीय. पगारापेक्षा जास्त पैसे सांगताहेत. मिस्टर म्हणतात, नोकरी सोड, घरात बसूनच तर लिहायचंय, मुलीकडेही लक्ष राहील आणि घराचं कर्जही लवकर फिटेल. माझी एक कादंबरी अर्धी लिहून पडलीय. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाचा विचार आहे. काय करू?

ताई,

तुमच्या मिस्टरांचं ते ‘घरात बसूनच तर लिहायचंय’ तुम्हाला महागात पडेल. ते चांगल्या मनानेच म्हणाले असणार. पण मालिकेचं काम घरात बसून होत असलं, तरी त्याचं घड्याळ सेटवर असतं.

हे काम कसं चालतं ते आधी बघा. कथेला वाहिनीची मंजुरी मिळते, मग पटकथाकार एपिसोडचे सीन बांधतो. ते सीन संवादलेखकाच्या हातात पडेपर्यंत बरेचदा संध्याकाळ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी घोडबंदर रोडला किंवा गोरेगावला सेट लागलेला असतो आणि कलाकार मेकअपला बसायच्या आत संवाद पोचावे लागतात. कुणाला ताप आला, पावसाने बाहेरचं शूटिंग फिसकटलं, की भर दुपारी फोन येतो : तो बागेतला सीन आता स्वयंपाकघरात घेतोय, अर्ध्या तासात बदलून द्या. टीआरपी घसरला तर चार दिवसांचं लिखाण बाजूला पडतं आणि गोष्टच वळण घेते. आठवड्याला सहा एपिसोड, कधी सात, मध्येच एखाद्या रविवारी महाएपिसोड. सणावारी काम वाढतं, कारण प्रेक्षकांकडे गणपती बसले की मालिकेतल्या घरातही बसवावे लागतात. तुमच्या घरचे मोदक कोण करणार, हा प्रश्न प्रॉडक्शनला पडत नाही.

मी या कामाला नावं ठेवत नाही. पात्राला त्याच्या तोंडची भाषा देणं, तीन ओळींत भांडण पेटवणं, हे इथे रोजच्या रियाजाने येतं. सासूबाई संध्याकाळी मालिका बघत असतील, तर त्यांच्या लेखी तुमची किंमत एका रात्रीत वाढेल. फक्त या कामाचा जोर संध्याकाळी सातनंतर असतो, आणि तुमच्या मुलीचं जेवण, अभ्यास, झोप सगळं त्याच वेळात येतं. ‘मुलीकडे लक्ष राहील’ हे गणित म्हणूनच मला पटत नाही. आई समोर आहे पण लॅपटॉपमधून मान वर करत नाही, हे पाच वर्षांच्या मुलीला आई शाळेत गेल्यापेक्षा जड जातं.

आता पैसे. आकडा महिन्याचा सांगितला असेल, पण हिशेब एपिसोडमागे होतो. महिन्यात किती एपिसोड तुमच्याकडे येतील त्यावर सगळं ठरतं. त्यातून टीडीएस कापला जातो, आणि बिल दिल्यावर पैसे हातात यायला दोन-तीन महिने लागणं या धंद्यात नवल नाही. मालिका गुंडाळायची ठरली तर काही आठवड्यांत सगळं आटोपतं. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेलाच जातो.

म्हणून नोकरी आत्ता सोडू नका. दोन कारणं अगदी रोकडी आहेत, आणि पत्रात त्यांचा उल्लेख नाही म्हणून थोडं थांबून सांगते. पहिलं, ग्रॅच्युइटी. साधारण नियम पाच वर्षं सलग सेवेचा आहे, आणि २००९ च्या कायदा-दुरुस्तीने खासगी शाळांतले शिक्षकही त्यात आले. तुमची चार झालीत. एका वर्षासाठी तो हक्क का घालवायचा? दुसरं कारण मोठं आहे. तुम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करताय. नोकरीत असाल तर दुसऱ्या बाळंतपणालाही २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते; २०१७ च्या दुरुस्तीने ती १२ वरून २६ झाली. एपिसोडवर काम करणाऱ्या लेखिकेला यातलं काही नाही. पगारी रजा नाही, पीएफ नाही. आठव्या महिन्यात तुम्ही थांबलात की तुमच्या जागी दुसरं कुणी बसेल आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर ती जागा परत मिळेलच असं नाही. हा हिशेब मिस्टरांसमोर कागदावर मांडा. बेस्टमधल्या माणसाला रजेची आणि ग्रॅच्युइटीची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मग लिहायचंच नाही का? लिहायचं, पण ज्या कामाची वेळ तुमच्या हातात राहील ते आधी धरायचं. मुंबईत असं काम पुष्कळ आहे आणि मराठी नीट येणारी माणसं कमी. परभाषेतल्या मालिकांचं आणि मुलांच्या कार्टूनचं मराठी डबिंग, सबटायटल्स, जाहिरात कंपन्यांना लागणारा मराठी मजकूर, ऑडिओसाठी लिहिलेल्या कथा. डबिंगमध्ये ओठांच्या हालचालीत बसेल असं वाक्य शोधावं लागतं, तेही संवादाचंच शिक्षण आहे. इथे मुदत दिवसांत मिळते. दुपारी दोन ते पाच बसून हे उरकता येतं, आणि मुलगी झोपल्यावर कुणाचा फोन येत नाही. पैसे मालिकेइतके नाहीत, हे मान्य. शाळेच्या सेवाशर्तींत बाहेरच्या कामाला परवानगी लागते का ते मात्र बघा आणि लागत असेल तर लेखी घ्या.

त्या तीन तासांबद्दल घरात स्पष्ट बोलावं लागेल. ‘मला जरा मदत करा’ असं म्हणू नका, मदत मनात आलं तर होते. वेळ वाटून घ्या. दोन ते पाच मुलगी सासूबाईंकडे. मिस्टरांची सकाळपाळी असेल त्या आठवड्यात संध्याकाळ त्यांची, दुपारपाळी असेल तेव्हा सकाळचा डबा आणि मुलीची तयारी त्यांची. गॅसचा सिलिंडर, पार्सलवाला, सोसायटीची पावती, या तीन तासांत दारावरची बेल तुमच्यासाठी वाजत नाही. मिस्टर हसले तर विचारा, तुम्ही ड्युटीवर असताना सिलिंडर आला म्हणून बस सोडून घरी येता का? सासूबाईंचं वय आणि गुडघे यांचाही विचार करा. रोज तीन तास नात सांभाळणं झेपत नसेल तर जवळचं पाळणाघर बघा. लिखाणाचे पहिले पैसे कर्जात भरायच्या आधी पाळणाघर आणि पोळ्यांच्या मावशी यांच्यावर खर्च करा. यावर घरात वाद होईल, होऊ द्या. तुमचे तास मोकळे झाले नाहीत तर पुढचे पैसे येणारच नाहीत. वन-बीएचकेत दार लावून बसणं जमत नसेल तर आठवड्यातून दोनदा जवळच्या सार्वजनिक वाचनालयात जा. शनिवारी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलात तर एम.ए.चे संदर्भही मिळतील.

परीक्षा होईपर्यंत यातलंही अर्धंच अंगावर घ्या. एम.ए. संपलं की तेच तास कादंबरीला मिळतील.

कादंबरीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. मला पत्रात तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. तिच्यामागे कुणी फोन करणार नाही, म्हणून सगळ्यात आधी तीच मागे पडते. नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत शिकवत होते, गंगाधर गाडगीळ कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. या शहरात नोकरी सांभाळूनच पुष्कळ मराठी साहित्य लिहून झालंय. हेही खरं, की त्या पिढीतल्या पुरुषांच्या घरी चहा आयता हातात येत असे. तुमच्याकडे मात्र शिक्षिकेची मे महिन्याची सुट्टी आहे. तीत कादंबरी पुढे न्या, आणि दिवाळी अंकांची मागणी जून-जुलैत सुरू होते म्हणून एक कथा त्याआधी तयार ठेवा. कादंबरी पूर्ण झाली आणि ते तुमचं पहिलंच पुस्तक असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची जाहिरात कधी येते त्यावर लक्ष ठेवा.

करार कुठलाही असो, न वाचता सही नको. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ दिसली की विचारा, कशाबद्दल आणि किती रुपयांत. पटकथा-संवादाच्या वाटेला पुढे जाणार असाल तर अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन ठेवा, तिथे लेखन नोंदवता येतं.

राहिला त्या प्रॉडक्शनचा फोन. सरळ नकार देऊ नका. काही मालिकांत दोन संवादलेखक काम वाटून घेतात. म्हणून सांगा, ‘आठवड्याला दोन एपिसोड लिहीन, सीन आदल्या दिवशी दुपारपर्यंत मिळायला हवेत, आणि ऐन वेळचे बदल दुसऱ्या लेखकाकडे.’ एपिसोडचा दर, पैशांची तारीख आणि श्रेयनामावलीतलं नाव, हे तिन्ही ईमेलवर मागा. ‘आधी पाच एपिसोड ट्रायल म्हणून फुकट लिहा’ म्हणाले तर एक सीन लिहून दाखवा, पाच एपिसोड नाहीत. त्यांनी हे मान्य केलं तर तीन महिने करून बघा, नोकरी सांभाळून. ‘बघू, कळवतो’ म्हणाले आणि फोन आला नाही, तरी तो नंबर जपून ठेवा. नवी मालिका सुरू होताना संवादलेखकांची शोधाशोध पुन्हा होते, आणि तोवर तुमची पाच वर्षंही भरलेली असतील.